माप वरच्या बाजूने

बिन महमूद, दोहा
जानेवारी, शुक्रवार

प्रिय वसंत,

हाताने लिहिते आहे. पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवीन. चष्मा लाव, मोठं करून वाच आणि 'अक्षर लागत नाही' ही सबब सांगू नकोस, माझं अक्षर तुझ्यापेक्षा कायम बरंच होतं. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तुझ्याशी बोलण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. लग्न झाल्यापासून तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. मी 'जंगल' म्हणायचा अवकाश, पुढचं सगळं तूच सांगून मोकळा. आणि गेले काही महिने मी तासभर बडबडले तरी पलीकडून नुसतं 'हं'. चोरी पकडली गेलेला माणूस असाच हं हं करतो, असं मी समजून चालले होते. त्या 'हं'वर पुढे येते.

मुद्दा आधी सांगते, नाहीतर तू पहिल्या पानावरच अस्वस्थ होशील. तू पाठवलेल्या आराखड्यावर मी सही करणार नाही. काफलीधारच्या बांजाच्या (कंपनीच्या कागदांत 'हिमालयन ओक'च्या) जंगलाची जुनी मोजणी माझ्या नावावर आहे, म्हणून इथल्या कंपनीला तुझ्या सहीखाली माझी सही हवी आहे. ती मिळाली की जंगल निरोगी ठरेल, कंपनीला मिरवायला एक हिरवागार डोंगर मिळेल आणि आपल्या जावयाचा करार पुढे चालू राहील. नाही मिळाली तर काय होईल, ते मला रोज नाश्त्याच्या वेळी भैरवीच्या चेहऱ्यावर वाचायला मिळतं. हे सगळं बघून, समजून, नाही म्हणते आहे.

लेकीकडे सुखात आहेस तर मुकाट्याने राहा ना, असं तुझ्या मनात आलंच असेल. सुखात आहे हो मी. बाल्कनीत प्लास्टिकचं गवत आहे आणि ते भैरवी दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसते. ज्या मुलीला आपण चालायला शिकवलं ते बांजाच्या पाचोळ्यावर, ती आता गवत पुसते. खाली गेटपाशी ऑलिव्हची दोन जुनी झाडं आहेत, पिळदार खोडांची. कुठल्यातरी परमुलखातून मुळांसकट उपटून जहाजातून आणलेली. बुंध्याशी पाण्याची काळी नळी, सलाइन लावल्यासारखी. वॉचमन रहमान सांगत होता, झाड मेलं की तस्संच दुसरं आणून उभं करतात आणि बिल्डिंगमधल्या कोणाच्या ते लक्षातही येत नाही. इथे झाड लावत नाहीत, मांडतात. मग त्या मांडणीला लँडस्केप म्हणतात आणि त्यावर बक्षिसं देतात.

मोजायची खोड काही जात नाही. अल सद्दला मेट्रोत बसले की डब्यातल्या माणसांचे मनातल्या मनात वर्ग पाडत असते, आपण झाडांचे जाडीप्रमाणे पाडायचो तसे. सगळे मधल्या वर्गातले. म्हातारं माणूस औषधाला सापडत नाही. नोकरी संपली की व्हिसाचा कागद संपतो, कागद संपला की खलास, माणूस आपल्या गावी. पोरं आहेत ती शाळा संपेपर्यंत. हे जंगल नव्हे, लाकडाची वखार आहे. माझे पांढरे केस बघून तरुण मुलं उठून जागा देतात आणि जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहतात. आपापल्या आया आठवत असतील. तेवढा वेळ मात्र मला कोणाचा राग येत नाही.

आता आपला जावई. कुणाल सस्टेनेबिलिटी मॅनेजर आहे हे तुला ठाऊक आहे, पण म्हणजे तो काय करतो हे मला इथे येऊन कळलं. रेवाला मी मराठीत विचारते, बाबा काय काम करतो गं. ती इंग्रजीत सांगते, 'डॅडी सेव्ह्ज ट्रीज.' या माणसाने आयुष्यात एक तुळशीची कुंडी वाचवलेली मी पाहिलेली नाही. त्याची कंपनी काचेचे मनोरे बांधते. ते उन्हात तापतात, मग त्यांना आतून इतकं गारठवतात की भर उन्हाळ्यात मी त्याच्या ऑफिसात शाल घेऊन गेले होते. त्या पापावर उतारा म्हणून जगाच्या पाठीवर कुठेतरी एखादं जंगल सांभाळल्याचं दाखवायचं, आणि सासरा आयता जंगलवाला मिळालेला. उंटावरून शेळ्या हाकणं आपण लहानपणापासून नुसतं ऐकत होतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं. काफलीधारच्या बकऱ्या कुठे चराव्यात हे इथे बाविसाव्या मजल्यावर, करक चहा पीत पीत ठरतं.

आणि काय ठरलंय? जंगलात नवी रोपं भरपूर आहेत, जंगल आपलं आपण तरुण होतं आहे, तेव्हा एक फाटक लावा, पाटी ठोका, रखवालदार नेमा आणि गुरांसाठी पाला तोडणाऱ्या बायकांना बंदी करा. झालं जतन. हे बाविसाव्या मजल्याने लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. खाली तुझं नाव आहे.

तुला आठवतं का, असं विचारणार नाही. आठवतंच. आपलं पहिलं वर्ष, डेहराडूनहून सरांबरोबर आलो ते सप्टेंबरात. पाऊस नुकता ओसरला होता आणि प्रत्येक म्हाताऱ्या बांजाखाली इवल्या रोपांची दाटी, पाय ठेवायला जागा नाही. टोपी घातलेलं ते फळ मातीत फुटून दोन-दोन पानं वर काढून बसलेलं. सर हरखून गेले. जंगलाला पोरंच पोरं म्हणाले, आणि अल्मोड्याहून बाल मिठाई मागवून सगळ्यांना वाटली. फक्त तू खाल्ली नाहीस. वर्ध्याच्या उन्हातून आलेला काटकुळा मुलगा, सप्टेंबरातच कानाला मफलर गुंडाळून बसलेला, आणि भर सगळ्यांत सरांना म्हणालास की आत्ता बारसं जेवू नका. सर चिडले. मे महिन्यात तू हट्टाने परत गेलास आणि मला ओढून नेलंस. त्याच जागा, तेच म्हातारे बांज. खाली नुसत्या वाळक्या काड्या. काही थंडीने गेलेली, काही बकऱ्यांनी खाल्लेली, काही गोठ्यासाठी पाचोळा झाडताना झाडली गेलेली. तू दगडावर बसलास आणि म्हणालास, "कमल, पावसाळ्यात जंगल सगळ्यांशीच गोड बोलतं. खरं ऐकायचं तर त्याला वैशाखात भेटावं." त्या एका वाक्यावर मी तुझ्याशी लग्न केलं. दुसरं तुझ्याकडे होतं काय?

मग वर्षानुवर्षं आपण वैशाखातच मोजत आलो आणि तेच दिसत आलं. जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं भरपूर. पायाशी दरसाल नवी रोपं. मधलं काही नाही. कमरेएवढं, मनगटाएवढ्या खोडाचं पोरगेलं झाड शोधून सापडेना. घरात आजे-पणजे आहेत, पाळण्यात बाळं आहेत, हाताशी आलेलं कोणी नाही. असं घर बाहेरून अगदी भरलेलं दिसतं. आजे गेले की त्याला कुलूप लागतं. काफलीधारचा झरा त्या बांजांच्या मुळांतून येतो, म्हणजे बांज गेला की पाणी गेलं आणि पाणी गेलं की गाव उठलं. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण हे मी तुला सांगते आहे. हे वाक्य तुझं आहे, गावच्या बैठकीत तू ते इतक्या वेळा म्हटलंस की पाला तोडायला येणारी गोविंदी तुला 'पाणीवाले मास्तर' म्हणायला लागली.

आणि उपायही तिच्याच अंगणात बसून निघाला होता. जंगल बंद करायचं नाही, वाटून घ्यायचं. एक भाग काही वर्षं विसाव्याला, बाकीच्यांतून पाला, मग पाळी बदलायची. शेळीचं तोंड पोचत नाही इतकं रोप वाढलं की ते झाड झालं, ही आपली व्याख्या. देवळामागच्या भागात अशी झाडं उभी राहिली की नाही? राखण कोणी केली? पाट्यांनी नव्हे, बायकांनी केली, कारण पुढची पाळी त्यांचीच होती. तिथे आता फाटक लावणार. ज्या बायका राखणदार होत्या त्यांना चोर ठरवणार. चोराला कोणी राखण करायला सांगतं का? पण पाळीपाळीचा विसावा ड्रोनमधून दिसत नाही, फाटक दिसतं. त्यावर लोगोही लावता येतो.

तर तुझा आराखडा मी उघडला आणि पहिल्याच तक्त्यावर थांबले. मोजणीचा महिना सप्टेंबर. पुन्हा वाचलं, सप्टेंबरच. आणि वीतभर रोपं नि मनगटाएवढी झाडं एकाच रकान्यात, 'नवी पिढी' म्हणून. पिढी म्हणे. जे मे महिना बघणार नाही त्याला तू पिढी म्हणतोस? सरांनी निदान अज्ञानातून मिठाई वाटली होती. तू जाणूनबुजून वाटलीस.

मग मी मागचं सगळं जोडत बसले आणि जे जोडलं त्याने तुझी किंमत माझ्या लेखी आणखी उतरली. मी मार्चमध्ये इथे आले. मे महिन्यात तू मोजणीला गेलाच नाहीस, म्हणालास वणव्याचा फार धूर होता. धुराला तू कधीपासून भ्यायला लागलास? पावसाळ्यात कळलं की तू वरची खोली सोडून खाली स्वयंपाकघराशेजारी पलंग टाकला आहेस, का तर वर माकडं येतात. वा. माकडांपुढे हार, जावयापुढे हार. माझी खात्री झाली की लेक परदेशात टिकावी म्हणून तू हे केलंस. भैरवीही तेच धरून बसली होती. म्हणाली, "आई, बाबांनी केली ना सही? मग तुझंच काय एवढं अडलंय?" मी तिला सांगितलं, की तुझ्या बाबांचं अडत नाही हेच माझं अडलंय. ती उठली आणि भांडी आपटत घासायला लागली.

गेल्या आठवड्यात कंपनीने हॉटेलात मोठा समारंभ केला. खजूर, कहवा, भिंतभर पडदा. मी जाणार नव्हते, पण समोरच्या फ्लॅटमधली जोस्लीन हौसेने निघाली. वसईची आहे, इथे हॉस्पिटलात हार्टच्या वॉर्डात नर्स. तिला जंगल बघायचं होतं, बारा महिने वाळू बघून डोळे शिणलेत म्हणाली. दिवे मालवले, बासरी सुरू झाली. बासरी लागली की समजावं, पुढे काहीतरी खोटं येणार. ड्रोनने आपला डोंगर दाखवला आणि मग पडद्यावर तू आलास, दुमजली घराएवढा मोठा. झऱ्याजवळचा तो थोरला बांज. एक विद्यार्थिनी वरच्या अंगाला उभी राहून खोडाला टेप लावते आहे. आणि तू खालच्या बाजूला उभा, एक तळवा खोडावर टेकून, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहेस. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणालच्या साहेबीण बाई म्हणाल्या, बघा या माणसाचं झाडांवर किती प्रेम आहे.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. उतारावरच्या झाडाचं माप वरच्या बाजूला उभं राहून घ्यायचं. खालून घेतलं की टेप बुडाकडे घसरतो आणि झाड उगाच जाड भरतं. या एका नियमावर तू किती पोरांना रडवलंस! मलासुद्धा, लग्नाच्या आधी. टेप कोणाच्याही हातात असो, तू स्वतः वर चढून त्याच्या खांद्यावरून बघितल्याशिवाय आकडा लिहू द्यायचा नाहीस. खालून वर जायला त्या झाडाशी असते किती चढण? दोन पावलं. ती दोन पावलं तू चढला नव्हतास. आणि वसंत, तू झाडाला हात लावला नव्हतास, तू झाडाला धरलं होतंस.

मला पुढचं काही दिसलं नाही. जोस्लीनला घरी येताना ती फिल्म फोनवर पुन्हा दाखवली, काही न सांगता. तिने दोनदा पाहिली आणि विचारलं, "काकी, काकांच्या पायांना सूज येते का?" मी म्हटलं मला माहीत नाही. कधी नव्हे ते तुझ्याबद्दल मला काहीतरी माहीत नव्हतं. ती म्हणाली, असं नुसतं बघून काही सांगता येत नाही, पण उशीर करू नका. मग मी कुणालला पार्किंगमध्येच गाठलं. त्याने गाडीची चावी इकडून तिकडे केली आणि म्हणाला, "आई, बाबांनी शपथ घातली होती." सप्टेंबरात तो आला तेव्हा रस्त्यापासून झऱ्यापर्यंत तू दोनदा बसलास. हल्द्वानीच्या डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्या तू केल्या नाहीस. पुढच्या मे महिन्यातही वर जाता येणार नाही हे तुला कळून चुकलं होतं, म्हणून पोरांना खालच्या खाली मोजू दिलंस, सप्टेंबर तर सप्टेंबर. रकाने आणि फाटक कंपनीने घातलं, त्यावर भांडायचं त्राण तुला उरलं नव्हतं. आणि कमलला सांगू नका म्हणालास, ती नातीला टाकून धावत येईल.

म्हणजे धूर नव्हता आणि माकडंही नव्हती, जिना होता. आणि ते 'हं' म्हणजे अपराधीपण नव्हतं. तुला मध्येच बोलायला दम पुरत नव्हता. मी तासतास तुला फैलावर घेत होते आणि तू श्वास जमवत होतास.

तुझी दया येईल असं मला वाटलं होतं. आला तो संताप. ज्याने आयुष्यभर खऱ्या मापासाठी जगाशी भांडण केलं, त्याने स्वतःच्या छातीचं माप बायकोपासून लपवावं? नातीला टाकून धावत येईल, तर येईन. धावत यायचं नाही तर लग्न कशासाठी केलं होतं, वर्षानुवर्षं तुझ्या मागून चढण चढायला? एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि अक्कल काडीची नाही.

कुणालवर मात्र एक वाक्य चांगलं लिहिलं पाहिजे, मन मोठं करून लिहिते. परवा त्याने आपण होऊन कंपनीला कळवलं की मोजणी चुकीच्या ऋतूत झाली आहे, मे महिन्यात पुन्हा व्हायला हवी, तोवर फाटक नको. कंपनीला आवडलेलं नाही, त्यांची माहितीपत्रकं छापून तयार आहेत. कराराचं विचारलं तर इन्शाल्ला म्हणाले, म्हणजे काय ते तू समज. भैरवी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण काल माझ्या बॅगेत तिने न सांगता लोकरी मोज्यांचे दोन जोड ठेवले. एक तुझ्या मापाचा आहे.

तर परवा सकाळचं विमान आहे. दिल्ली, मग काठगोदाम, मग तू. गोविंदीला फोन केला आहे, मी पोचेपर्यंत तिची सून तुझ्याकडे दोन्ही वेळा डोकावेल, माकडांच्या गोष्टी तिला सांगू नकोस. हे सगळं मी तोंडावर सांगू शकले असते. पण मला ठाऊक आहे, मी दारातून आत आले की तू भांडायला उठणार, बाजू मांडणार, आवाज चढवणार, आणि आत्ता तुला ते झेपायचं नाही. म्हणून भांडण पुढे पाठवते आहे. बसून वाच, मनातल्या मनात काय शिव्या द्यायच्या त्या दे आणि मी येईपर्यंत संपव. मी आल्यावर या विषयावर एक अक्षर काढणार नाही. आधी हल्द्वानी, जरूर पडली तर दिल्ली, आणि मे महिन्यात जंगल. तुला चढू देणार नाही. झऱ्यापाशी खुर्ची टाकून देईन, तिथे वही घेऊन बसायचं. वरच्या बाजूला मी उभी राहीन आणि तिथून आकडे ओरडेन, तू लिही. आणि वसंत, मी ओरडत असताना मध्येच बोल. माझं एकही वाक्य पुरं होऊ देऊ नकोस.

सही हवी होती ना, ही घे.

तुझीच,
कमल